क्रांतीपूर्व इराणी सायकेडेलिक रॉकचे रीइश्यू: कोणते घ्यावेत आणि आवाज कशावरून उतरवलाय ते कसं ओळखावं

मंद्रसप्तक
साठच्या दशकापासून १९७९ च्या इस्लामी क्रांतीपर्यंत तेहरानमध्ये जे रॉक वाजलं ते आता तबकड्यांवर पुन्हा मिळू लागलंय. त्याची माहिती मराठीत एका जागी जमावी म्हणून हा धागा.

सुरुवातीला दोन प्रश्न. पहिला, नव्याने घेणाऱ्याने आधी कोणते संच बघावेत? दुसरा जरा तांत्रिक आहे. एका रीइश्यूवर, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीवर (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही), गिटारचे लांब सूर वरखाली हलतात. त्याच टर्नटेबलवर बाकीच्या तबकड्या स्थिर वाजतात. दोष या प्रतीच्या मधल्या भोकात आहे की कंपनीने ज्या रेकॉर्डवरून आवाज उतरवला तिच्यात, हे कसं ठरवायचं?

रेघ४५
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर घड्याळ समोर ठेवून मिनिटभरात मिळतं.

भोक मध्यापासून सरकलेलं असेल तर सूर तबकडीच्या दर फेऱ्याला एकदा वर जाऊन खाली येतो. ३३⅓ वर (मिनिटाला तेवढे फेरे, हा एलपीचा वेग) एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, ४५ वर (७ इंची सिंगलचा वेग) १.३३ सेकंद. लांब सुरांची जागा शोधा आणि २० सेकंदांत किती हेलकावे येतात ते मोजा. ११ आले तर तुमच्या हातातल्या एलपीचंच भोक सरकलेलं आहे. १५ आले तर एलपी निर्दोष आहे, ज्या जुन्या ४५ वरून आवाज घेतला तिचं भोक सरकलेलं होतं आणि उतरवताना कुणी ते सुधारलं नाही.

खात्री करायची असेल तर समोरून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. सुई वाजता वाजता डावीउजवीकडे डुलत असेल तर दोष प्रतीत. आर्म स्थिर आणि सूर हलतोय, तर दोष आधीचा. रीइश्यू स्वतःच ७ इंची ४५ असेल तर मोजणीचा उपयोग नाही, आर्मच बघायचा.

किती सरकलं की कळतं? अर्धा मिलिमीटर पुरेसा आहे. ७ इंची रेकॉर्डवर साधारण ६० मिमी त्रिज्येच्या जागी अर्धा मिमी म्हणजे वेगात ०.८३ टक्के फरक, म्हणजे सूर वर १४ सेंट आणि खाली १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आतल्या रेघांकडे हा आकडा १६ पर्यंत जातो. ऑर्गनचा धरलेला सूर इतका हलला तर कुणालाही ऐकू येतो. आर्म जेवढा डुलतो त्याच्या निम्मं भोक सरकलेलं असतं, तेव्हा १ मिमी डुलणं म्हणजे अर्धा मिमी दोष.

गुलयख
पहिल्या प्रश्नाकडे. माझ्या मते सुरुवात गायक कुरोश यघमाईपासून करावी. लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने २०११ मध्ये ‘बॅक फ्रॉम द ब्रिंक’ हा संच काढला, त्यात १९७३ ते १९७९ ची गाणी आहेत. यघमाईंच्या संमतीने झालेलं काम आहे, माहितीपुस्तिका वाचण्यासारखी आहे. क्रांतीनंतर त्यांच्यावर १७ वर्षं बंदी होती आणि तरी ते देशातच राहिले. ‘गोले यख’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. गोल म्हणजे फूल (आपल्या गुलाबातला, गुलकंदातला ‘गुल’ तोच) आणि यख म्हणजे बर्फ. ऐन हिवाळ्यात फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचं हे फारसी नाव आहे. २०१८ मध्ये अमेरिकन रॅपर नासने ‘ॲडम अँड ईव्ह’मध्ये याच गाण्याचा तुकडा वापरला.

त्यानंतर फाइंडर्स कीपर्सचा २००९ चा ‘पॉमग्रॅनेट्स’. हा निव्वळ रॉकचा संच नाही. गूगूश, मेहरपूया, झिया, यघमाई असे सगळे एकत्र आहेत, त्यामुळे त्या काळाचा पूर्ण पट ऐकू येतो. ‘रक्स रक्स रक्स’ हा साठच्या दशकातल्या गराज (ओबडधोबड, हौशी रॉकच्या) बँडांचा, २७ गाण्यांचा संच: रेबेल्स, गोल्डन रिंग वगैरे. स्पेनच्या गेरसेन कंपनीच्या फारअवे साउंड्स या शाखेने ‘झेंदूनी’ हा संच काढला. झेंदूनी म्हणजे कैदी.

तारसप्तकी
सतारवाल्यांनी अब्बास मेहरपूया चुकवू नये. हा इराणी गायक स्वतः सतार वाजवायचा आणि ‘सोल रागा’ नावाची त्याची चीज आहे. फंकचा ठेका, त्यावर सतार. त्या काळातल्या पाश्चात्त्य रॉकमध्ये सतार बहुतेक वेळा रंगापुरती येते, दोनचार आलापी सुरांत संपते. इथे ती गाण्याची मुख्य ओळ चालवते. चिकारीच्या (सतारीच्या कडेच्या, उंच सुराच्या) तारा कडक ऐकू येतात. त्या मऊ, गुळगुळीत झालेल्या असतील तर समजावं की खरखर काढताना उंच सूरही कापले गेलेत.

पोकळखोका
मूळ मास्टर टेपवरून (स्टुडिओतल्या पहिल्या टेपवरून) हे सगळं का काढत नाहीत? एवढ्या गाजलेल्या गायकांच्या टेपा कुठेतरी असतीलच ना?

गुलयख
बहुतेक गाण्यांच्या नाहीत. इराणात त्या काळी गाणं मुख्यतः ७ इंची सिंगलवर निघायचं, एका बाजूला एक गाणं. आहंगे रूझ, अपोलोन अशा तेहरानच्या कंपन्या होत्या. सत्तरच्या दशकात कॅसेट वाढली. जुलै १९७९ मध्ये खोमेनींनी रेडिओ-टीव्हीवरच्या संगीतावर बंदी आणली, कंपन्या बंद पडल्या, साठे गेले, कलावंत पांगले. लोकांनी घरात लपवलेल्या किंवा देशाबाहेर नेलेल्या रेकॉर्डी आणि कॅसेटी हाच आता बऱ्याच गाण्यांचा मूळ ऐवज आहे. म्हणून या क्षेत्रात ‘रीमास्टर्ड’ या शब्दावर जाऊ नका. कशावरून उतरवलंय आणि किती काळजीने, एवढंच विचारायचं.

तारखांबद्दल सांगून ठेवतो. इराणी सौर वर्ष मार्चमध्ये बदलतं. १३५२ म्हणजे मार्च १९७३ ते मार्च १९७४, त्यामुळे एकाच रेकॉर्डचं साल दोन ठिकाणी एकाने वेगळं दिसू शकतं. आणि लेबलवर २५३५, २५३६ असे आकडे दिसले तर तो कॅटलॉग नंबर समजू नका. १९७६ मध्ये शाहने शाही कालगणना लागू केली, ती १९७८ पर्यंत टिकली. २५३५ मधून ५५९ वजा करा, १९७६ येतात. रेकॉर्ड नेमक्या त्या दोनअडीच वर्षांतली आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

रेघ४५
उतरवण्याच्या कामाबद्दल सविस्तर लिहितो. रीइश्यूचा दर्जा इथेच ठरतो, आणि ज्यांच्याकडे मूळ सिंगल आहेत त्यांनाही उपयोग होईल.

धुतलेल्या रेकॉर्डवर आधी भोक मध्यावर आणायचं. मोठ्या, ३८ मिमी भोकाची सिंगल असेल तर ॲडॅप्टर थोडा सैल ठेवून रेकॉर्ड बोटाने सरकवत आर्म डुलायचा थांबेपर्यंत जुळवता येते. लहान भोक असेल तर निमुळत्या रीमरने (भोक घासून मोठं करायच्या हत्याराने) ते हलकेच मोठं करून तेच करायचं. दुर्मीळ रेकॉर्डवर हे करवत नाही, पण सॉफ्टवेअरपेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. इराणी गायकीत संथ मींड आहे, तहरीर म्हणजे गळ्यातून तुटक काढलेल्या हरकती आहेत, आणि आपल्या श्रुतींसारखे पाव स्वर आहेत. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर यातलं काही दोष समजून सपाट करतं. गाणं मग यंत्राने गायल्यासारखं लागतं.

मग सुई. जुन्या प्लेअरची बोथट, जड सुई खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा घासून टाकते. मायक्रोलाइन (फार बारीक टोकाची) सुई त्या पट्ट्याखाली पोचते, १ मिलची (इंचाच्या हजाराव्या भागाची) मोनो सुई त्याच्या वर बसते. कुठली चांगली हे आधी सांगता येत नाही. तीन सुयांवर तेच तीस सेकंद उतरवून ऐकायचं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजला (सुई बसवायच्या भागाला) शंकूच्या टोकाची, लंबगोल आणि मायक्रोलाइन अशा तिन्ही सुया बसतात, भार २ ग्रॅम. खाचेच्या तळाशी घाण दबलेली असेल तर महागडी मायक्रोलाइन साध्या शंकूपेक्षा जास्त खरखरते, तेव्हा किमतीवरून निवडू नका.

रेकॉर्ड मोनो असली तरी स्टिरिओतच, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐका. बहुधा एक भिंत कमी झिजलेली असते. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज करा, वरखाली हलण्यातून येणारा आवाज कटतो आणि उरलेली खरखर साधारण ३ डेसिबलने उतरते. एकच खराब असेल तर चांगली बाजू घेऊन दुसरी सोडून द्या. कार्ट्रिज वरून बघताना तिरकं बसलेलं असेल तर बेरजेत झांजांची धार जाते, तेव्हा ते आधी तपासा.

निळीपिन
वेग बरोबर आहे की नाही हे ठरवायला एक खूण सुचवतो. इराणात वीज ५० हर्ट्झची. त्या काळच्या स्टुडिओंत गिटार ॲम्प्लिफायरचा गुणगुणाट रेकॉर्डमध्ये गेलेला असतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचा किंवा मधल्या शांत जागेचा दीड-दोन सेकंदांचा तुकडा निवडा, ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ ६५५३६ ठेवा. ५० पेक्षा १५० च्या आसपासचं टोक बघा, तिथे फरक तिप्पट दिसतो. टोक १५३ वर असेल तर गाणं २ टक्के वेगात आहे, म्हणजे ३४ सेंट, अर्ध्या स्वराची तिसरी वाटणी.

रेघ४५
खूण पक्की आहे, पण दोन जागी फसवते.

एक, तुमच्या घरातली वीजही ५० ची. अर्थिंग नीट नसेल तर टर्नटेबलचा गुणगुणाट त्यावर बसतो. सुई उचलून तेवढीच शांतता रेकॉर्ड करा. सुई वर असतानाही जे टोक राहतं ते घरचं. खाचेतलं टोक सुईबरोबर जातं, आणि भोक सरकलेलं असेल तर ते डुलतंही. अमेरिकेत उतरवलेल्या काही संचांत ६० चं तिसरं टोक दिसतं, ते उतरवणाऱ्याच्या खोलीतलं. एकाच गाण्यात ५०, ५१ आणि ६० अशी तीन टोकं दिसली तर कुठलं टोक कुणाचं हे एवढ्यावरून सांगता येतं.

दोन, मूळ स्टुडिओने टेपचा वेग मुद्दाम बदलला असेल तर गुणगुणाटही त्याबरोबर सरकलेला असतो. ऑर्गन असेल तर त्याचे सूरही बघावेत. इलेक्ट्रिक ऑर्गन वादकाला सहज सरकवता येत नाही. गुणगुणाट आणि ऑर्गन दोन्ही सारख्याच प्रमाणात वर असतील तर वेग वाढलेला आहे हे नक्की, पण तो स्टुडिओतच वाढवला की उतरवताना वाढला, हे एवढ्यावरून कळत नाही. फक्त गिटार वर असेल तर काही करू नका, गिटार तशीच लावलेली होती.

तारसप्तकी
खरखर किती काढावी यावर बोलू या. मला पूर्ण स्वच्छ केलेलं ऐकवत नाही. फझ (मुद्दाम फाटका केलेला आवाज) गिटारची लहर टोकदार असते आणि तंबक या इराणी तालवाद्याचा बोटांचा आघात क्षणभराचा असतो. आवाज साफ करणारी यंत्रणा दोन्हींना टिकटिक समजते.

निळीपिन
पूर्ण सहमत नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्याला सतत टिकटिक असह्य होते, आणि नवी रेकॉर्ड पैसे मोजून घेतल्यावर जुनी खरखर का ऐकावी? काढावी, पण तपासून. आयझोटोप आरएक्स या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या डी-क्लिकमध्ये ‘आउटपुट क्लिक्स ओन्ली’ असा पर्याय आहे. तो लावून फक्त काढून टाकलेला भाग ऐका. त्यात नुसती टिकटिक असेल तर ठीक. ठेका ऐकू आला, गाण्याचे शब्द कळू लागले, की संवेदनशीलता जास्त झाली, खाली आणा. मोठ्या टिका हाताने एकेक काढा. तीन मिनिटांच्या गाण्याला दोन-तीन तास लागतात, आणि चांगल्या रीइश्यूत तेवढं काम झालेलं ऐकूही येतं.

तारसप्तकी
असं तपासून केलं तर माझी हरकत नाही. सरसकट नॉइज रिडक्शनला मात्र आहे. गाणं विरत जाताना झांज पाण्याखाली बुडल्यासारखी सळसळली तर तो संच परत करावा.

पोकळखोका
विनापरवाना काढलेले कसे ओळखायचे? ऑनलाइन फोटोत सगळे सारखेच दिसतात.

रेघ४५
मागच्या बाजूला परवाना कुणाकडून घेतला ती ओळ शोधा. तिथे फक्त नक्षी आणि गाण्यांची नावं असतील तर सावध. आतल्या मोकळ्या कडेवर कोरलेला क्रमांक बघा. पाच-सहा आकडे, मग ई, मग बाजू अशी मांडणी असेल तर रेकॉर्ड चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड मीडियात दाबलेली असण्याची शक्यता मोठी. पण तो कारखाना जगभरच्या कंपन्यांचं काम करतो, त्यावरून परवाना सिद्ध होत नाही. प्रती ओळखायला मात्र हाच क्रमांक वापरा, कारण रोमन लिपीत यघमाई किंवा मेहरपूया ही नावं तीनचार तऱ्हांनी लिहिली जातात आणि नावाने शोधलं की अर्धी पानं निसटतात.

आवाजावरूनही कळतं. एक बाजू ९६ किलोहर्ट्झवर उतरवा आणि झांजा जोरात असतील तिथला आलेख काढा. १६ किलोहर्ट्झला भिंतीसारखा सरळ कडा असेल तर तबकडी कमी दर्जाच्या एमपी३ किंवा व्हिडिओवरून बनवलेली आहे. झिजलेल्या ४५ वर उंच सूर उतारासारखे कमी होतात, भिंत येत नाही. कॅसेटवरून घेतलेलं असेल तर मधूनमधून क्षणभराची पोकळी येते आणि एक बाजू दुसरीपेक्षा मंद असते.

पैसे नेमके कुणाला पोचतात हा प्रश्न अवघड आहे. इराण बर्न करारात (कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात) नाही, देशांतर्गत कायदा १९७० चा. अमेरिकी निर्बंधांतून रेकॉर्डी-पुस्तकांना १९८८ च्या बर्मन दुरुस्तीने सूट दिली, पण त्यामुळे बँक पैसे पाठवतेच असं नाही. तरीही ज्यांनी कलावंताला गाठून करार केला त्यांचीच प्रत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मुलाखत, फोटो, गाण्यामागची हकिकत तिथेच मिळते.

गुलयख
याच नाऊ-अगेनने मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचाही ‘ऑब्सेशन’ रीइश्यू केलाय. यघमाई आणि हा बँड पाठोपाठ ऐका. फझ आणि ऑर्गन दोन्हीकडे. यघमाई अनेकदा सहा मात्रांच्या डुलत्या ठेक्यावर आणि फारसी शब्दांवर येतात, मुंबईचा इंग्रजीत आणि सरळ चार मात्रांत राहतो.

सागरगोटा
किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी प्रश्न. पावसाळ्यात नव्या रेकॉर्डवरही पांढरी बुरशी येते. काय वापरावं?

निळीपिन
८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटोच्या फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. जास्त टाकलं तर खाचेत थर राहतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार राहतात. लेबल भिजू देऊ नका. जुन्या ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

बाहेरचं जाड, मऊ पीव्हीसीचं प्लास्टिक काढून टाका. उकाड्यात त्यातलं रसायन तबकडीवर धुक्यासारखा डाग सोडतं आणि तो धुऊन जात नाही. आत एचडीपीईची पातळ पिशवी, बाहेर पॉलिप्रॉपिलिन. कप्पा भिंतीपासून चार बोटं लांब, रेकॉर्डी उभ्या.

मंद्रसप्तक
मोजलं. २० सेकंदांत १५ हेलकावे, दोनदा मोजले. आर्म स्थिर. म्हणजे मूळ ४५ चं भोक. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात सूर स्थिर असूनही ‘स’ फाटतो. तोही उतरवतानाचाच दोष का?

रेघ४५
तो वेगळा. ४५ च्या सर्वांत आतल्या रेघेतही सुईखालून सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर खाच सरकते. १२ इंची एलपीवर बाहेरच्या कडेला ५१ आणि शेवटच्या गाण्याला जेमतेम २१. म्हणजे सिंगलवर जे गाणं आरामात मावलं होतं ते एलपीच्या शेवटी अरुंद जागेत कोंबलं जातं. जाणकार संकलक फझवाली, कर्कश गाणी बाजूच्या सुरुवातीला ठेवतात आणि शेवटी संथ गाणं घेतात. २७ गाणी, सरासरी पावणेतीन मिनिटांची, म्हणजे सव्वा तास झाला. दोन तबकड्यांत बाजूला १८-१९ मिनिटं येतात, तेवढं चालतं. हेच एका तबकडीत दाबलं तर ‘स’ फाटणारच.

आधी सुई तपासा. प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या पट्टीवर) कार्ट्रिज जुळवा, भार १.८ वर असेल तर २ वर न्या. तरी फाटत असेल तर मायक्रोलाइन लावून बघा. शंकूची सुई आतल्या रेघांत हमखास फाडते. मायक्रोलाइनवरही ‘स’ त्याच शब्दाला, तितकाच फाटला तर तो तबकडीतच कापला गेलाय.

हेलकाव्यांचं म्हणाल तर ते गाणं उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये वेगाला १.३३ सेकंदांच्या आवर्तनाने उलटा वक्र लावा, म्हणजे सूर जितका वर जातो तितका खाली आणा. प्रत्येक गाणं वेगळ्या ४५ वरून आलेलं असल्यामुळे वक्राची सुरुवात आणि खोली प्रत्येक गाण्याला नव्याने शोधावी लागेल. ऑर्गनचा लांब सूर किंवा १५० चं टोक, दोन्हींपैकी जे स्पष्ट असेल ते धरून जुळवा. गायकाच्या आवाजावरून मात्र जुळवू नका.